झिपरी आणि तिटोकी

रोपवाटिकेत सगळे तिला कात्री म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती एकीचीच होती, तिच्या धाकट्या जावेची, आणि ती मधल्या भिंतीपलीकडे राहायची. नावाचं एक कारण कायम कमरेला लटकलेलं असे: छाटणीची जुनी कात्री, मुठी झिजून हाताच्या आकाराच्या झालेल्या. दुसरं कारण तिने तोंड उघडलं की समजायचं. शाळेची पायरी ती चढली होती ती उतरण्यापुरतीच. सही करता यायची, कुंड्यांवरच्या पाट्या वाचता यायच्या. तेवढ्या भांडवलावर तिने नवरा, दीर, नोकरमाणसं आणि एक मुलगा असे सगळे आयुष्यभर धाकात ठेवले होते.

भिंतीची गोष्ट अशी. उतारावरची ही रोपवाटिका दोघा भावांनी मिळून उभी केली. पुढे भाऊ गेले, एकामागोमाग, आणि मागे राहिलेल्या जावांनी वर्षाच्या आत मधोमध भिंत घातली. काचघर इकडे आलं, पाण्याची टाकी तिकडे गेली. पण वाटण्यांमध्ये खरी जुंपली ती काचघरावरून नाही की टाकीवरून नाही. जुंपली ती दोन झुडपांवरून.

दोन्ही एकाच कुळातली. आलुबुखार, पीच, बदाम, चेरी या ज्या घरच्या लेकी, त्याच घरच्या या दोघी. फक्त यांना फळं धरायची हौस नाही, नुसती फुलायची. थंडी सरली की पान फुटायच्या आधीच उघड्या काड्यांवर गुलाबी फुलं येतात, हिलाही आणि तिलाही. गिऱ्हाईक दोघींना फुलबदाम म्हणतं आणि एकीच्या जागी दुसरी घरी नेऊन लावतं. रोपवाटिकेत मात्र एकीला झिपरी म्हणत आणि दुसरीला तिटोकी, आणि लहान पोरानेही कधी गल्लत केली नसती.

झिपरी कमरेच्या वर जात नाही. जमिनीतून काड्यांचा एकदम झुबकाच निघतो, बारीक आणि सरळसोट, आठवडाभर न विंचरलेल्या डोक्यासारखा. पान अरुंद, लांबट, गुळगुळीत. फुलं काडीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत अशी दाटून येतात की काडी दिसत नाही. फुलं सरली की तिला मुठीएवढी ठेवून सपाट कापायची. उन्हाळाभर ती नव्या काड्या काढते आणि पुढच्या वर्षी त्याच फुलतात. तिला कुणाचा आधार लागत नाही. मुळासकट एक तुकडा तोडा, कुठेही खुपसा, ती आपला संसार मांडते.

तिटोकी उंच. माणसाच्या डोक्यावर जाते आणि वर फांद्या पसरून दुसऱ्यांच्या उन्हात उभी राहते. पान रुंद, खरखरीत, खालून लवदार, आणि शेंड्याला तीन टोकं, जणू कुणी रागाने फाडलेलं. फूल मोठं, भरगच्च, छोट्या गुलाबासारखं. पण विकायची तिटोकी स्वतःच्या मुळांवर उभी नसते. रानटी आलुबुखाराच्या खुंटावर साल चिरून तिचा डोळा, म्हणजे काडीवरचा न फुटलेला कोंब, भरावा लागतो, मग तो फुटून झाड होतं.

"उसन्या पायांवर उभी आणि उंचीचा तोरा," कात्री म्हणायची. "आमची झिपरी बुटकी असेल, पण पाय तिचे आहेत."

वाटणीच्या दिवशी पहिली निवड धाकटीकडे गेली. तिने तिटोकीचं मूळ झाड घेतलं आणि सगळ्या माणसांसमोर म्हणाली, "झिपरी राहू दे जाऊबाईंना. दोघींचं जमेल. कितीही कापा, तोंड वर काढायचंच."

माणसं हसली. कात्री हसली नाही. त्या दिवशी गवंड्याला तिने भिंतीवर आणखी दोन थर चढवायला लावले आणि फर्मान काढलं: माझ्या बाजूला तिटोकी दिसता कामा नये, आणि भिंतीपलीकडून एक काडीही विकत आणायची नाही.

हे फर्मान बरीच वर्षं चाललं. मग मुलाला नव्या दवाखान्याचं काम मिळालं. दवाखान्याला अंगण होतं, अंगणाच्या तिन्ही बाजूंना खाटांच्या खोल्या, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना खिडक्यांबाहेर फुलं हवी होती. खाटेवर पडल्या पडल्या दिसतील अशी, म्हणजे खिडकीच्या वर येणारी. झिपरी तिथे काय कामाची? मुलाने आईशी आठवडाभर वाद घातला. शेवटी कात्री म्हणाली, "आण. पण तिच्याकडून नाही." म्हणून मग भिंतीपलीकडे हाताच्या अंतरावर असलेली तिटोकी सोडून मुलाने दूरच्या एका रोपवाटिकेतून ट्रकभर मागवली. शेवटच्या वाफ्यात रांगेने लावली, थंडीसाठी बुडाशी गवताचं आच्छादन दिलं, आणि दवाखान्याला शब्द दिला की येता वसंत झाडं रुजण्यात जाईल, त्याच्या पुढच्या वसंतात तुमच्या खिडक्यांत फुलं असतील.

यंदाच्या वसंतात झिपरी फुलली, सरली, आणि कात्री कापायला बसली. हे काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे. बुडाशी डावी मूठ टेकवायची, मुठीच्या वर कात्री लावायची, कट्. सरकायचं. मूठ, कट्. सकाळपासून तिने रांगांमागून रांगा कापल्या. डोकं सुनेच्या स्वयंपाकावर टीका करण्यात गुंतलं होतं आणि हात आपलं काम करत होता. असं करत ती शेवटच्या वाफ्याशी आली. तिथे तिटोकीचीही थोडी फुलं सुकून लोंबत होती.

आता, तिटोकीलाही फुलांनंतर कापायची असते हे कात्रीला माहीत होतं. कलमाच्या सांध्याच्या, म्हणजे डोळा भरला त्या जागेच्या, वर कापायची हेही माहीत होतं. सांधा जमिनीलगत असतो हे तर ती या घरात आल्यापासून बघत होती, कारण धाकटी आणि तिचा नवरा जमिनीलगतच डोळा भरत. तेव्हा मुठीच्या वर कापलं की झालं, त्यात विचारायचं काय? तिने आच्छादन बाजूला केलं नाही. वाकून पाहिलं नाही. गवतावर मूठ टेकवली, कट्. सरकली. दूरच्या त्या रोपवाटिकेत गुडघाभर उंचीवर कलम करायची रीत होती, आणि या रांगेतली प्रत्येक तिटोकी, सांध्यासकट, संध्याकाळपर्यंत ढिगाऱ्यात पडली होती.

मुलगा माल पोचवून परतला तो थेट त्या वाफ्याशी. "आई! हे काय केलंस?"

"छाटणी. तू विसरला होतास."

"अगं, इतकी खाली?"

"मुठीएवढी ठेवलीय. फुटेल. मी कापलेलं कधी फुटलं नाही असं झालंय?"

ढिगारा तोवर पेटवलेला होता, त्यामुळे काय कापलं गेलं हे बघायला काही उरलं नव्हतं. आणि खरोखरच फुटलं! धुमारे असे जोमाने आले की कात्री रोज सकाळी चहाचा पेला घेऊन त्या वाफ्याशी उभी राहू लागली. "बघ," ती मुलाला म्हणायची, "त्या बाईने लाडावून ठेवलेलं झाड माझ्या हाताखाली कसं सरळ झालं बघ. हिला कुणी कधी शिस्तच लावली नव्हती."

पहिल्यांदा लक्षात आलं ते सुनेच्या. सून तण काढत होती. ती थांबली, एक पान तोडलं, उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं.

"आई, याला टोकं नाहीत."

"कोवळं आहे. येतील."

"आई, हे गुळगुळीत आहे. लव नाही. आणि हा बघा, काटा."

कात्रीने पान हातात घेतलं. अंगठा फिरवला. मग दुसऱ्या झाडाचं घेतलं, तिसऱ्याचं घेतलं, रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. सगळीकडे तेच, साधं अंडाकृती पान. रानटी आलुबुखार. नुसता खुंट वाढला होता, आणि ती त्याला चहा पिता पिता शाबासकी देत होती.

"गप्प राहा," ती सुनेला म्हणाली.

"मी गप्पच आहे. पण पानं गप्प राहणार नाहीत."

कळल्यावर मुलगा ओरडला नाही, हे वाईट होतं. तो ओरडला असता तर तिने दुप्पट ओरडून प्रकरण मिटवलं असतं. त्याने आवाज खाली ठेवून सांगितलं, "आई, आजपासून तू वाफ्यात यायचं नाहीस. कात्री ऑफिसात ठेव. फाटकाशी खुर्ची टाकून देतो, उशी देतो. गिऱ्हाइकांशी बोलत बस."

"गिऱ्हाइकं पळवायचीत का आपल्याला?" सून म्हणाली, आणि नवऱ्याने पाहिल्यावर पुन्हा तणाकडे वळली.

कात्री म्हणाली, "तुझ्या जन्माच्या आदल्या दिवशी मी याच वाफ्यात कुदळ मारत होते. आणि तू मला उशी देतोस?"

"हो. कारण दवाखान्याला काय सांगायचं ते मला सुचत नाहीये. आणि उद्या तू आणखी काही कापशील."

"दवाखान्याला मी सांगते."

"तू काही सांगणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी खुर्ची होती, उशी होती, आणि कात्री नव्हती. ती बसने दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बाकावर पेशंट बसले होते. त्यांच्यात ती बसली, नंबर आल्यावर आत गेली. काय होतंय असं विचारल्यावर म्हणाली, "मला काही होत नाही. तुमची झाडं मी कापली. माझ्या मुलाने नाही, मी. ती आता पुढच्या वसंतात फुलायची नाहीत. त्याच्या पुढच्या वसंतात फुलतील."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे दोन वर्षं खिडकीत काहीच नाही?"

"तोवर झिपरी लावून देते. उठून वाकून बघितली की दिसेल. पेशंटना वाकायला लावा, बऱ्यापैकी औषध आहे."

"आणि दोन वर्षांनी नक्की?"

"मी म्हटलंय ना?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "माझी आईही अशीच बोलायची. ठीक आहे, थांबते. पण आजी, एकदाच थांबेन." कात्रीला आजी म्हटलेलं खपत नसे, पण त्या वेळी तिने खपवून घेतलं.

तिने घरी येऊन सांगितलं आणि मुलगा डोकं धरून बसला. "शब्द देऊन आलीस? आणि डोळे कुठून आणशील? खुंट आहेत, जोरदार आहेत, मान्य. पण त्यांच्यावर भरायला तिटोकीचे डोळे हवेत, तेही ताजे. दूरवरून मागवले तर या उन्हात वाटेतच वाळतील. डोळे आहेत ते एकाच ठिकाणी." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

"माहीत आहे मला."

"मग जाशील? काकूकडे?"

"जाईन. चालतच जाईन. तिच्या घरी काय वाघ बांधलाय?"

मुलगा म्हणाला, "ऐक. डोळे मिळाले, भरले आणि धरले, तर मी काही बोलणार नाही. नाही धरले तर तू फाटकाशी बसायचंस. ठरलं."

"हे बघ," कात्री म्हणाली. "धरले तरी मी तुझ्या परवानगीने उभी राहणार नाही, आणि नाही धरले तरी तुझ्या हुकमाने बसणार नाही. तुला जे ठरवायचंय ते ठरव, मला त्यात धरू नकोस."

भिंत घातल्यापासून ती पलीकडे गेली नव्हती. रस्त्यावरून वळसा घालून धाकटीच्या फाटकातून शिरली तेव्हा धाकटी पाणी घालत होती. तिने झारी खाली ठेवली नाही.

"अगंबाई, कात्री! भिंत पडली की काय?"

"भिंतीला काय होतंय, मी बांधून घेतलीय. तिटोकीच्या काड्या हव्यात मला. डोळे भरायला."

"हो का?" धाकटीने सावकाश दुसऱ्या कुंडीकडे झारी वळवली. "ट्रकभर आणल्या होत्या ना दूरवरून? भिंतीवरून मी बघत होते. माझ्याकडची काडी तुमच्या दारात अपवित्र होते म्हणून."

"आणल्या होत्या. कापल्या मी. सांध्याखाली."

हे ऐकून मात्र धाकटीने झारी ठेवली. मग हसायला लागली. हसता हसता तिला टाकीच्या कठड्यावर बसावं लागलं. "जाऊबाई! चाळीस वर्षं माझ्या कलमांना नावं ठेवलीत, आणि सांधा कुठे असतो ते बघितलं नाहीत?"

"तुझा जिथे असतो तिथे मी धरला. त्या मूर्खांनी गुडघ्यावर केला होता. हसून झालं असेल तर काड्या दे."

"देते की. हव्या तेवढ्या देते." धाकटीने डोळे पुसले. "फक्त एक करा. तुमच्या मुलाला, सुनेला, माणसांना बोलवा भिंतीशी, आणि त्यांच्यासमोर म्हणा, झिपरीपेक्षा तिटोकी सरस. एवढंच. तीन शब्द."

कात्रीने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे उभ्या असलेल्या मूळ झाडाकडे. दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासूनचं ते झाड. उंच, रुंद, आणि आज बघवत नव्हतं असं. अर्ध्या फांद्यांचे शेंडे वाळून तपकिरी झालेले, त्यांवर वसंतातली फुलं काळी पडून तशीच चिकटलेली.

"झाडाला काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. विषय बदलू नका. म्हणता की नाही?"

"नाही."

"मग काड्या नाहीत."

"नकोत." आणि कात्री आली तशी वळसा घालून परत गेली. फाटकाशी मुलगा वाट बघत होता. त्याने रिकामे हात पाहिले.

"काय म्हणाली काकू?"

"तिची अट होती. मला ती मान्य नाही."

"कसली अट?"

"खोटं बोलायची."

पुढचे काही दिवस खुर्ची फाटकाशी रिकामी राहिली. कात्री वाफ्यातच होती, आणि कमरेला कात्री होती. मुलाने एकदा ती मागितली, तर म्हणाली, "घे. हातातून काढून घे." त्याने काढून घेतली नाही. रानटी खुंटांचे नको असलेले धुमारे तिने काढून टाकले, प्रत्येकावर एकच जाड, सरळ काडी ठेवली, भोवतीची माती मोकळी केली, पाणी दिलं. सून म्हणाली, "आई, डोळे नसताना ही तयारी कशासाठी?" ती म्हणाली, "पाहुणे यायचे की नाही ते पाहुण्यांनी ठरवावं. घर झाडायला काय हरकत आहे?"

आणि एका दुपारी फाटकातून खरोखरच पाहुणी आली. धाकटी. डोक्याला रुमाल, हातात काही नाही. ती खुर्चीशी थांबली, जरा दम घेतला, पण बसली नाही.

"कात्री कुठाय?" तिने सुनेला विचारलं.

"बहिरी नाहीये मी," कात्री वाफ्यातून म्हणाली. "काय हवंय?"

धाकटी इकडे तिकडे बघत राहिली. काचघराच्या फुटक्या काचा, झिपरीच्या रांगा, सगळीकडे बघून झालं. मग एकदाचं बोलली. "झाड जातंय, जाऊबाई. दरवर्षी थोडं वाळायचं. यंदा अर्धं गेलं. जावई म्हणतो उपटून टाका, तिथे शेड बांधू."

"फुलं सरल्यावर कापलं होतंस?"

"वरवर. शेंडे खुडले."

"शेंडे खुडले! केस विंचरतेस का त्याचे? रोग फुलातून आत शिरतो आणि काडीने खाली उतरतो. वाळलेलं सगळं, हिरव्यात वीतभर खाली जाऊन कापायला हवं होतं. दरवर्षी. फुलं गळताक्षणी."

"माहीत आहे मला ते."

"मग?"

धाकटी रुमालाचं टोक पिळत म्हणाली, "हात धजत नाही. ते असताना तेच कापायचे. मी कात्री लावते आणि वाटतं, इतकं नको. मग थोडंसंच कापते."

कात्री उठली. गुडघ्यांवरची माती झटकली. सूनही उठून जवळ आली, कारण हे ऐकायचं चुकवणं तिला परवडणार नव्हतं.

"कापून देते," कात्री म्हणाली. "आजच. पण एक कर. माझ्या सुनेसमोर म्हण, तिटोकीपेक्षा झिपरी सरस."

धाकटीची मान ताठ झाली. "नाही म्हणणार."

"झाड जाईल."

"जाऊ दे. उपटू दे जावयाला. मी नाही म्हणणार."

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. सुनेने नंतर नवऱ्याला सांगितलं की तिला वाटलं आता मारामारी होणार आणि मधे पडायला आपल्याला लागणार. पण कात्रीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. वर्षानुवर्षं तिच्यासमोर सगळे मान खाली घालत आले होते. समोर ताठ राहणारी ही एकच, आणि तिला तिने भिंतीपलीकडे टाकलं होतं.

"चल," ती म्हणाली. "मीही म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. कापलेल्यातल्या चांगल्या काड्या माझ्या."

"त्या तुम्ही काय करणार? डोळा भरता येतो तुम्हाला?"

"नाही येत."

"मग मी भरीन. पण मधे बोलायचं नाही."

"ते जमणार नाही."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली.

त्या दुपारी कात्रीने तिटोकी कापली. शिडीवर फांद्या वाकवून धरणारी सून, खाली कात्री, आणि धाकटी पाठ करून उभी. कट् आवाज झाला की तिची पाठ आखडायची. "बघू नकोस, पण ऐक तरी," कात्री म्हणाली. "हे वाळलेलं. हे हिरवं. कापते कुठे? हिरव्यात. पुढच्या वर्षी तू कापायचंस."

"तुम्ही कापाल."

"मी काय नोकर आहे तुझी?"

"फुकटची."

वाळलेलं सगळं जाळायला गेलं. खाली निरोगी भागावर यंदाच्या ज्या जोमदार काड्या आल्या होत्या, त्या निवडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि दोन्ही बायका वळसा घालून शेवटच्या वाफ्याशी आल्या. धाकटीने खिशातून कलमाचा चाकू काढला. रानटी खुंटाच्या सालीवर आडवी चीर, तिच्या मधून खाली उभी चीर, आणि चाकूच्या मागच्या हस्तिदंती टोकाने साल उचलली. ओल्या पाकिटाचं तोंड उघडावं तशी ती सुटली. मग तिटोकीच्या काडीवरून एक डोळा अलगद खरवडून काढला. पान आधीच कापून टाकलेलं, फक्त देठाचा तुकडा धरायला ठेवलेला. डोळा सालीखाली सरकवला, पट्टीने वरखाली घट्ट बांधला, फक्त डोळा उघडा.

"एवढंच?" कात्री म्हणाली.

"करून बघा."

कात्रीने करून बघितलं. पहिला डोळा फाटला. दुसरा उलटा बसवला. तिसऱ्यावर धाकटी म्हणाली, "याला झाड फुटलं तर ते माझं नाव लावणार नाही." कात्रीने तिला गप्प राहायला सांगितलं आणि चौथा घेतला. रांगेचं भिंतीकडचं टोक तिने हट्टाने स्वतःकडे ठेवलं, बाकीची रांग धाकटीकडे. मुलगा संध्याकाळी आला तेव्हा दोघी एकमेकींकडे पाठ करून, वाकून, आपापल्या टोकाला कामाला लागलेल्या होत्या आणि एकसारख्या भांडत होत्या. तो तसाच आत गेला.

आता डोळा धरला की नाही हे कसं कळतं? काही आठवडे जाऊ द्यायचे आणि देठाच्या त्या तुकड्याला बोट लावायचं. बोट लागताच तो अलगद गळून पडला, तर आतलं झाड जिवंत आहे, त्याने जुनं अंगाबाहेर टाकलंय. सुकून, सुरकुतून तिथेच चिकटून बसला, तर सगळं संपलं.

बघायला सगळे आले. मुलगा, सून, माणसं, आणि वळसा घालून धाकटी. मुलाने बोट पुढे केलं तर कात्रीने त्याच्या हातावर चापट मारली. "हात मातीचे तुझे. मी बघते."

तिने धाकटीच्या टोकाकडून सुरुवात केली. बोट लावलं. गळला. पुढचा, गळला. त्याच्या पुढचा, गळला. मधे एखादा चिकटलेला निघाला की धाकटी म्हणायची, "त्याचा खुंटच वाईट होता." रांग सरकत सरकत कात्रीच्या टोकाशी आली. तिथे तिने बोट लावलं आणि देठ हलला नाही. पुढचाही नाही. तिने नखाने टोचून पाहिलं. आत काळं. पुढचा काळा. शेवटपर्यंत एकाही डोळ्यात जीव नव्हता.

 माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. धाकटीने तोंडाशी आलेला टोमणा गिळला, आणि तिला ते जड गेलं हे दिसत होतं.

मुलाने रांगेवरून नजर फिरवली. "दवाखान्याला तसे पुरतील," तो म्हणाला. "काकूच्या हातचे. पण आई, तुझे सगळेच... आता तरी ऐक. आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं," कात्री म्हणाली. "मी हो कधी म्हटलं?"

"आई, तुला हे येत नाही. न येणं काही पाप नाही. बस ना जरा."

"येत नाही हे बरोबर. सगळ्यांना दिसलं, मी काही झाकलं नाही. कापलं मी, चुकीचं कापलं मी, हे सगळे डोळे वाया घालवले मी. आणखी काही राहिलं असेल तर तेही माझ्या नावावर घाल. पण येत नाही म्हणून सोडायचं, ही रीत या घरात कुणी आणली? तुला चालता येत नव्हतं तेव्हा मी तुला खुर्ची दिली होती?"

तिने मेलेल्या डोळ्याच्या खालच्या बाजूला, खुंटाच्या स्वच्छ सालीवर, नखाने एक चीर दिली आणि साल उचलली. सुटली. अजून ओली होती.

"धाकटे," ती म्हणाली, "साल अजून सुटतेय, अजून डोळा भरता येईल. काडी आहे?"

"आहे, येतानाच आणलीय. पण जाऊबाई, तुम्ही चाकू कुदळीसारखा धरता."

"मग कसा धरायचा ते दाखव. आणि हसलीस तर भिंत आणखी वर नेईन."

धाकटीने तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून चाकू धरवला. कात्रीने चीर दिली, साल उचलली, जीभ दातांत धरून डोळा आत सरकवला. या वेळी तो उलटा नव्हता. मग तिने मान न वळवता हात मागे केला.

"पट्टी."

सून पुढे झाली, तेवढ्यात मुलाने पट्टी तिच्या हातातून घेतली आणि आईशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने एक वेढा दिला.

"घट्ट. अजून घट्ट. बांगडी घालतोयस का त्याला? कुणी शिकवलं तुला हे?"

"तूच."

"मग नीट शिकला नाहीस," कात्री म्हणाली, आणि पुढच्या खुंटाकडे सरकली.